प्रश्नपत्रिकेतील साहित्यविचार : मराठीच्या अध्यापनाची एक चिकित्सा

१

साहित्याचे अध्यापन हा विषय आपल्या समीक्षेने जवळजवळ वर्ज्य मानलेला आहे. मराठीत समीक्षा लिहिणारी बहुसंख्य मंडळी पेशाने प्राध्यापक आहेत; त्यांच्या वाचनाचा आणि श्रमाचा मोठा भाग वर्गात खर्च होतो. तरीही त्या वर्गात साहित्यकृतीचे नेमके काय होते, याची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकांत क्वचितच आढळते. ही चर्चा शिक्षणशास्त्राच्या खात्यात जमा केली जाते, आणि तेथे तिला साधनांच्या चर्चेचे रूप येते. १९९४ मध्ये नॅकची स्थापना झाल्यापासून, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची फेररचना सुरू झाल्यापासून तर अधिकच, अध्यापनाच्या सुधारणेचा अर्थ ‘अध्ययन-निष्पत्तीं’चे तक्ते भरणे, श्रेयांकांची विभागणी करणे आणि फळ्याच्या जागी पडदा आणणे एवढा मर्यादित होऊ लागला आहे. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु पडद्यावर दाखवायचे काय, आणि निष्पत्ती कशाची, हे प्रश्न त्यांतून सुटत नाहीत; कारण ते मुळात साहित्यसिद्धांताचे प्रश्न आहेत.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे प्रतिपादन असे : आपल्या विद्यापीठांतील मराठीचे अध्यापन एका विशिष्ट साहित्यविचारावर उभे आहे. हा विचार कोणत्याही ग्रंथात मांडलेला नाही, त्याचा कोणी प्रणेता नाही, आणि म्हणूनच त्याचे खंडनही होत नाही. तो प्रश्नपत्रिकेत राहतो. विद्यार्थी मर्ढेकर, पाटणकर, नेमाडे यांचे साहित्यविचार अभ्यासतो, सोस्यूर आणि देरिदा यांच्यावर टिपा लिहितो. परंतु त्याची साहित्याविषयीची खरी धारणा घडवते ती प्रश्नपत्रिका. अध्यापन सुधारावयाचे तर प्रथम या अलिखित सिद्धांताची चिकित्सा व्हावयास हवी.

२

पदवी आणि पदव्युत्तर स्तरावरील प्रश्नांचे साचे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘स्वरूप सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा’, ‘आशय व अभिव्यक्तीच्या अंगाने परामर्श घ्या’, ‘व्यक्तिचित्रण करा’, ‘थोडक्यात टिपा लिहा’. या साच्यांमागील गृहीतके उकलून पाहिली तर ती पुढीलप्रमाणे दिसतात. साहित्यकृती म्हणजे काही वैशिष्ट्यांचा संचय होय. ही वैशिष्ट्ये परस्परांपासून वेगळी काढता येतात आणि क्रमांक घालून मांडता येतात. ती साहित्यकृतीच्या प्रत्यक्ष शब्दांपासूनही अलग करता येतात. आणि ती कोणाही वाचकाला सारखीच दिसतात. म्हणून ‘योग्य’ उत्तर एकच असते.

या गृहीतकांची कसोटी घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. दिलेल्या प्रश्नाचे उत्तर साहित्यकृती न वाचता लिहिता येते काय, हे पाहावे. ‘संतकवीच्या अभंगांची वाङ्मयीन वैशिष्ट्ये’ हा प्रश्न घेतला तर उत्कट भक्तिभाव, सामाजिक जाणीव, दंभावर प्रहार, साधी सोपी भाषा, दृष्टांतांची योजना असे पाच-सहा मुद्दे एकही अभंग न वाचता लिहिता येतात. हेच मुद्दे कवीचे नाव बदलून दुसऱ्या संतकवीलाही लावता येतात. बाजारात मिळणारी मार्गदर्शके आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच यांवर आपण वारंवार टीका करतो. परंतु मार्गदर्शक हे या प्रश्नाचे तर्कशुद्ध उत्तर आहे. न वाचता उत्तर देता येईल असा प्रश्न आपण विचारल्यावर विद्यार्थ्याने वाचन टाळले, तर त्याने आपला साहित्यविचार अचूक ओळखला असेच म्हणावे लागेल.

गद्यकृतीच्या बाबतीत हानी वेगळ्या प्रकारची होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. या पुस्तकाची ‘वैशिष्ट्ये’ लिहिताना ‘विनोद’ हा एक मुद्दा येतो आणि ‘तत्कालीन समाजदर्शन’ हा दुसरा. वस्तुतः वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाविषयी लक्ष्मीबाई जेव्हा लिहितात तेव्हा त्यांचा विनोद आणि त्यांचे समाजदर्शन ही एकच क्रिया असते. ज्या घरात मुलांचे बालपण सोवळ्याखाली दडपले गेले त्या घराकडे हसत पाहणे, हीच तेथील टीका आहे. हसणे पहिल्या परिच्छेदात आणि टीका तिसऱ्या परिच्छेदात गेली की कृतीतील ताण संपतो. उरतात ती दोन विधाने. दोन्ही खरी, आणि दोन्ही त्या पुस्तकाविषयी फारसे काही न सांगणारी.

ही गोष्ट वर्गापुरती राहिली असती तर एक वेळ चालले असते. परंतु प्रश्नपत्रिकेचा साचा पुढे प्रबंधाचा साचा होतो. एखाद्या लेखकाचे ‘जीवन आणि वाङ्मय’, मग आशयाचे प्रकरण, अभिव्यक्तीचे प्रकरण, भाषाविशेषांचे प्रकरण आणि उपसंहार. ही रचना म्हणजे पंधरा गुणांच्या उत्तराचा विस्तार होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी लेखनाचे गुण मोजण्यास सुरुवात केली, तेव्हा हाच साचा लेखांच्या रूपाने नियतकालिकांत शिरला. म्हणजे ज्या समीक्षेने अध्यापनाला दृष्टी द्यावयाची, तिचीच परिभाषा परीक्षेने घडविलेली आहे. वर्ग आणि समीक्षा यांच्यातील ही देवाणघेवाण समजून घेतल्याखेरीज मराठी समीक्षेच्या साचेबंदपणाची कारणमीमांसा पूर्ण होणार नाही.

३

या साच्याला इतिहास आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे त्याचे मुख्य कार्य, शिकविणे हे संलग्न महाविद्यालयांचे. शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, ही आपल्या उच्च शिक्षणाची मूळ घडण होय. शेकडो महाविद्यालयांतील हजारो उत्तरपत्रिका अनोळखी परीक्षकांकडून तपासून घ्यावयाच्या, तर उत्तर आधीच ठरलेले असणे सोयीचे असते. देशी भाषांना या विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झगडावे लागले. मराठीला अखेर स्थान मिळाले, परंतु ते इंग्रजी आणि संस्कृतच्या पंक्तीत मांडलेल्या पाटावर. आपली स्वतःची वाचनपद्धती विद्यापीठात आणण्याची संधी मराठीला तेव्हा मिळाली नाही, आणि १९४९ मध्ये पुण्याला वेगळे विद्यापीठ झाल्यानंतरही परीक्षेची घडण तीच राहिली.

४

अशा प्रश्नांना पर्याय म्हणून आय. ए. रिचर्ड्‌स यांच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. केंब्रिज येथील विद्यार्थ्यांना त्यांनी कवीचे नाव आणि काळ न सांगता कविता दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले, आणि त्यांचे विश्लेषण १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात मांडले. उत्तम शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही कवितेचा सरळ अर्थ लावता येत नाही आणि ते ठरीव प्रतिसादांचा आधार घेतात, हा त्यांचा निष्कर्ष आजही अस्वस्थ करणारा आहे. नाव कळले की मत तयार होते. म्हणून नाव काढून घ्यावे, ही त्यांची युक्ती आपल्या वर्गालाही उपयोगी पडेल असे वाटते.

परंतु हा प्रयोग अभंगावर करून पाहिला की एक अडचण उभी राहते, आणि ती अडचणच अधिक बोधप्रद आहे. अभंगात कवीचे नाव कवितेच्या बाहेर नसते, शेवटच्या चरणात असते. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची चाल पाहिली तर ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरे शेवटच्या कडव्यातील पहिल्या चरणाचा मोठा भाग व्यापतात. नाव काढले तर छंद मोडतो. म्हणजे ‘निनावी संहिता’ ही रिचर्ड्‌स यांना स्वाभाविक वाटणारी कल्पना अभंगाच्या बाबतीत संहितेलाच दुखापत केल्याशिवाय अमलात आणता येत नाही. १९६९ मध्ये मिशेल फूकोने लेखक ही संकल्पना व्यक्तीऐवजी संहितेच्या व्यवहारातील एक कार्य म्हणून पाहावी असे सुचविले; अभंगाच्या वाचकाला ही गोष्ट छंदाच्या पातळीवर आधीच परिचित आहे.

आता दुसरा प्रयोग करून पाहावा. नाव काढण्याऐवजी ते बदलावे. ‘निळा म्हणे’ हीही चारच अक्षरे आहेत, ‘नामा म्हणे’ हीसुद्धा चारच. मुद्रांची अदलाबदल केली तरी छंद अबाधित राहतो. मग बदलते काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या गेल्याचा प्रश्न संशोधकांना दीर्घकाळ सोडवावा लागला आहे. एका मुद्रेची रचना दुसऱ्याच्या नावावर जाणे ही आपल्या वाङ्मयेतिहासातील वस्तुस्थिती आहे. ‘या अभंगाची मुद्रा बदलली तर कोणते शब्द नव्या नावाखाली खोटे वाटू लागतील, आणि का?’ असा प्रश्न वर्गात ठेवला तर त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात मिळणार नाही. ते केवळ त्या अभंगातच शोधावे लागेल. त्याबरोबर कर्तृत्व, परंपरा, अनुकरण आणि स्वत्व यांविषयीचे सिद्धांतही विद्यार्थ्याला टिपांखेरीज, गरज म्हणून भेटतील.

५

पारनेरसारख्या ठिकाणी या प्रश्नाला आणखी एक परिमाण लाभते. पारनेर हा अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील पर्जन्यछायेचा तालुका. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरणारी कुटुंबे, आणि महाविद्यालयात पोहोचलेली बहुधा पहिलीच पिढी, अशी येथील विद्यार्थ्याची सामाजिक ओळख दिली जाते. तिच्यातून ‘वाचनसंस्कृतीचा अभाव’ असा निष्कर्षही चटकन काढला जातो. या निष्कर्षाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे.

याच तालुक्यात पिंपळनेर आहे. तुकोबांना गुरू मानणाऱ्या, वारकरी संतकवींच्या मालिकेत शेवटचे मानल्या गेलेल्या निळोबारायांची समाधी तेथे आहे, आणि आषाढीला पंढरपुरी जाणाऱ्या मानाच्या पालख्यांत पिंपळनेरच्या पालखीचा समावेश होतो. परिसरातील गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. वारकरी कीर्तनात काय घडते ते साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने पाहावे. कीर्तनकार एकच अभंग निरूपणाला घेतो आणि दोन तास त्याच अभंगावर थांबतो. चरणामागून चरण, प्रसंगी शब्दामागून शब्द सोडवीत जातो. केलेल्या अर्थाला दुसऱ्या संतांच्या वचनांचे ‘प्रमाण’ द्यावे लागते. प्रत्येक वळणावर ध्रुपदाकडे परतावे लागते, म्हणजे सुटा अर्थ सबंध अभंगाशी ताडून पाहावा लागतो. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, ती याच वाचनपद्धतीचे रीतसर शिक्षण देण्यासाठी.

ज्या विद्यार्थ्याने लहानपणापासून टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहून हे ऐकले आहे, त्याच्याजवळ संहितेवर दीर्घकाळ थांबण्याची सवय असते. अर्थाला आधार लागतो, हे त्याला ठाऊक असते. आणि तो वर्गात आल्यावर आपण त्याला एका तासिकेत चार संतकवींची प्रत्येकी पाच वैशिष्ट्ये सांगतो. त्याच्या जवळची वाचनपद्धती आपण ओळखत नाही, आणि तिच्या बदल्यात जे देतो ते तिच्याहून उथळ असते. वाचनसंस्कृतीचा अभाव नेमका कोठे आहे, हे त्यावरून ठरवावे.

अर्थात कीर्तनाचा गौरव करून थांबणे ही आत्मवंचना ठरेल. निरूपणाची पद्धत सूक्ष्म असली तरी तिचा निष्कर्ष बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. शब्द कितीही सोडवला तरी तो सिद्धांताशी जुळलाच पाहिजे. जुळत नसेल तर शब्दाला वळविले जाते. प्रमाण म्हणून दिलेले वचन अर्थाला पाठिंबा देण्यासाठी येते, त्याला विरोध करण्यासाठी नव्हे. तुकोबांच्या अभंगांतील संताप, देवाशी भांडण, स्वतःविषयीचा संशय यांना निरूपणात अखेर समाधानाच्या वाटेवर आणले जाते. या अर्थी कीर्तनकार आणि प्रश्नपत्रिका यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही उत्तर आधी ठाऊक असते. फरक इतकाच की, कीर्तनकार त्या उत्तरापर्यंत संहितेच्या वाटेने जातो आणि प्रश्नपत्रिका ती वाट चुकवून जाते.

विद्यापीठीय वर्गाचे काम येथे सुरू होते. थांबण्याची सवय विद्यार्थ्याकडून घ्यावी आणि प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य वर्गाने द्यावे. प्रमाणासाठी आणलेले वचन मूळ अर्थाशी भांडते काय, हे पाहू द्यावे. निळोबांचे उदाहरण घेतले तर ‘तुकोबांचा प्रभाव’ अशा एका वाक्यात आपली समीक्षा त्यांना निकालात काढते, कारण तिचे मूल्यमापन स्वतंत्र प्रतिभेच्या निकषावर चालते. गुरूच्या शब्दांत बोलणे हेच ज्या काव्याचे प्रयोजन आहे त्याला हा निकष लागू पडतो काय? पिंपळनेरच्या वाटेवरील विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला तर तो स्थानिक अभिमानाचा प्रश्न राहत नाही. तो मराठी वाङ्मयेतिहासाच्या एका गृहीतकाला हात घालणारा प्रश्न होतो.

६

या भूमिकेवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप समतेचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ठरीव प्रश्न आणि ठरीव उत्तरे यांमुळेच ग्रामीण, पहिल्या पिढीतील विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचू शकला, असा हा आक्षेप आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही त्याला ‘तुम्हांला ही कविता कशी वाटते?’ असा मोकळा प्रश्न विचारणे म्हणजे शहरी, सुशिक्षित घरातील विद्यार्थ्याला आयते गुण देणे होय. पिएर बोर्द्यू आणि झां-क्लोद पासरों यांनी १९६४ मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांविषयी हेच दाखविले होते : ज्याला स्वाभाविक अभिरुची म्हटले जाते ती वारसाहक्काने आलेली असते. आपल्याकडे त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडले होते की, उच्च शिक्षणाचा खर्च रयतेच्या कष्टातून निघतो आणि लाभ वरिष्ठ वर्गाला मिळतो. ठरीव प्रश्नपत्रिकेने या विषमतेला थोडी तरी वाट करून दिली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु तिने काय दिले, हेही पाहावे. तिने पदवी दिली आणि वाचन दिले नाही. ‘अपेक्षित’ पाठ करून उत्तीर्ण झालेला पारनेरचा विद्यार्थी पात्रता परीक्षेत, मुलाखतीत किंवा स्वतःच्या वर्गात शिक्षक म्हणून उभा राहतो, तेव्हा न पाहिलेली संहिता समोर आली की त्याच्याजवळ साधन नसते. विषमता तेथे पुन्हा भेटते, फक्त काही वर्षे उशिरा. शिवाय मोकळा प्रश्न आणि संहितानिष्ठ प्रश्न यांत भेद आहे. ‘कशी वाटते’ हा प्रश्न अभिरुची तपासतो. ‘या चरणातील हा शब्द आधीच्या कडव्याचा अर्थ कसा बदलतो’ हा प्रश्न वाचन तपासतो. संहिता प्रश्नपत्रिकेतच छापून दिली तर स्मरणशक्तीचा आणि पुस्तके परवडण्याचा प्रश्न उरत नाही. सर्वांच्या समोर तेवढेच शब्द असतात. जुन्या ‘संदर्भासहित स्पष्टीकरणा’च्या प्रश्नात हा गुण अंशतः होता, त्यातील ‘संदर्भ’ पाठांतराचा झाला, म्हणून तो प्रश्न निष्प्राण झाला. त्याचे पुनरुज्जीवन नव्या रूपात शक्य आहे.

कीर्तनाचा वारसा नवकवितेच्या किंवा आधुनिक कादंबरीच्या वाचनाला आपोआप उपयोगी पडेल, असेही मानता येत नाही. तेथे सवय नव्याने घडवावी लागेल. पण अभंगावर आत्मविश्वासाने थांबलेला विद्यार्थी मर्ढेकरांच्या कवितेवरही थांबण्याची शक्यता अधिक असते, कारण कवितेवर थांबणे हे आपले काम आहे हे त्याला एकदा कळलेले असते.

काही व्यावहारिक बाबी येथे नोंदविणे उचित होईल. दोन श्रेयांकांची अभ्यासपत्रिका म्हणजे तीस तासिका. तेवढ्या वेळात चाळीस अभंग ‘उरकण्या’पेक्षा आठ अभंग नीट वाचणे शक्य आणि श्रेयस्कर आहे. तुकोबांच्या एकाच अभंगाचे पाठ निरनिराळ्या आवृत्त्यांतून शेजारीशेजारी ठेवता येतील : इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली पंडितांची आवृत्ती, देहूची प्रत आणि जोगांची सार्थ गाथा. जेथे शब्द किंवा विरामाचे स्थान वेगळे दिसेल तेथे अर्थ कोठे सरकतो, हे विद्यार्थ्याने शोधावे. यासाठी लागतात छायाप्रती आणि दोन तासिका; याहून अधिक साधनसामग्री लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, जे आज बहुधा निबंध उतरवून काढण्यात खर्ची पडतात, ते एका अभंगाच्या तोंडी निरूपणाला आणि त्यावर सहाध्यायांनी घेतलेल्या आक्षेपांना देता येतील. पदव्युत्तर वर्गात साहित्यसिद्धांत स्वतंत्र टिपांच्या रूपाने शिकवण्याऐवजी एखाद्या संहितेने उभ्या केलेल्या अडचणीच्या निमित्ताने शिकवता येईल. मुद्रेचा प्रश्न पडल्यावर फूको वाचावा, आधी नव्हे.

परीक्षकांचे काय, हा प्रश्न राहतो. संहितानिष्ठ प्रश्नाची उत्तरे अनेक असतील. ती तपासताना परीक्षकाला स्वतः ती संहिता वाचावी लागेल, आणि नमुना-उत्तराऐवजी उत्तरामागील आधार तपासावा लागेल. नॉर्थ्रप फ्राय यांनी १९५७ च्या ‘अ‍ॅनॅटमी ऑफ क्रिटिसिझम’मध्ये म्हटले होते की, प्रत्यक्ष साहित्य शिकवता येत नाही, शिकवली जाते ती समीक्षा. हे खरे असेल तर कोणती समीक्षा शिकवली जाते हे सांगण्याची जबाबदारी समीक्षकांची आहे. गेली अनेक दशके ते काम आपण अभ्यासमंडळांकडे आणि मार्गदर्शकांच्या प्रकाशकांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. येत्या सत्राच्या प्रश्नपत्रिका काढावयास बसताना प्रत्येक प्रश्नापुढे, ‘हा प्रश्न कृती न वाचता सोडवता येईल काय?’ एवढे एकच वाक्य लिहून पाहिले, तरी आपल्या साहित्यविचाराची खरी अवस्था आपल्यापुढे येईल.